जलकुंभी: फूल येण्याआधी ओळखा, बी पडण्याआधी काढा



मागच्या दिवाळीनंतर याच पेजवर मी एक फोटो टाकला होता. आपल्या तलावाचा नाल्याकडचा कोपरा, पाण्यावर जांभळी फुलं, मागे कोवळं ऊन. खाली लिहिलं होतं, "निसर्गाची देणगी". बघता बघता लाईक आले. एका काकांनी मात्र खाली लिहिलं, "सचिवसाहेब, फोटो नका काढू, झाड काढा." मी त्यावर हसरा चेहरा टाकला आणि विसरून गेलो.

होळीपर्यंत तो कोपरा पूर्ण हिरवा झाला. एप्रिलमध्ये अर्ध्या तलावावर गालिचा. जाळं टाकलं की माशांऐवजी झाडंच ओढून यायची, आणि ओली झाडं ओढताना दोन जाळी फाटली. मग एक दिवस पहाटे साडेपाचला राखणदाराचा फोन आला, "भाऊ, मासे वर येऊन तोंड उघडतायत." सुदामा नगरातून गाडी काढून तलावावर पोचेपर्यंत उजाडलं होतं. मोठे कटले आधी गेले. ज्यांनी वर्षभर राखण केली, ते काठावर उभे राहून गप्प बघत होते. कोणी मला काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तो फोटो मी पेजवरून काढणार होतो. मग ठरवलं, राहू दे. नवीन कोणी पेजवर आलं तर आधी फोटो बघेल, मग हा लेख वाचेल.

गेले तीन आठवडे आपण सगळ्यांनी मिळून तलाव बराचसा मोकळा केला. त्याबद्दल सर्वांचे आभार. पण काम संपलेलं नाही, उलट आता खरं काम सुरू होतंय. का, ते सांगण्यासाठी हा लेख. थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात वाचून दाखवा.

नाव काय आणि आली कुठून

इकडे इंदूरला सगळे जलकुंभी म्हणतात. महाराष्ट्रातले आपले नातेवाईक जलपर्णी म्हणतात. झाड एकच. पुण्याच्या मुळा-मुठेत, पवनेत, कोल्हापूरच्या पंचगंगेत उन्हाळा आला की बातम्या येतात ती हीच. आपल्या घराजवळच्या सिरपूर तलावात ही काढण्याच्या मोहिमा झालेल्याही आपण पाहिल्यात.

एक घोळ लक्षात ठेवा. हिंदीत जलकुंभी हे नाव अजून एका झाडाला आहे. छोट्या कोबीसारखं, मऊ लव असलेलं, फिकट हिरवं, पाण्यावर तरंगणारं. तेही वाढलं तर त्रासदायकच, पण त्याला जांभळं फूल येत नाही. त्यामुळे फोनवर नुसतं "जलकुंभी आली" असं सांगू नका, फोटो पाठवा.

हे झाड मूळचं आपलं नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातलं. फूल सुंदर म्हणून लोकांनी ते देशोदेशीच्या बागांमध्ये, हौदांमध्ये नेलं. आपल्या देशात ते १९व्या शतकाच्या शेवटी बंगालच्या बाजूने आलं, तेही शोभेसाठीच. पुढे बंगालमध्ये इतकं माजलं की भातशेती, नावांची ये-जा, मासेमारी सगळं अडलं. १९३६ साली तिथे जलकुंभीसाठी खास कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी ती काढून टाकण्याचं आश्वासन दिलं. एका पाण्यातल्या झाडावर निवडणूक लढवली गेली, यावरून काय ते समजा.

म्हणजे फुलाला भुलणारा मी पहिला नाही. पण आपल्या तलावातला शेवटचा असावा, एवढीच इच्छा.

ओळखायची कशी

आपल्यापैकी बरेच जण शिंगाडाही लावतात, म्हणून हे नीट वाचा. चुकून शिंगाडा उपटला तर घरातली शांतता जाईल.

जलकुंभीची पानं गोलसर, जाड, चकचकीत आणि पाण्याच्या वर उभी असतात. देठ फुगलेला असतो, छोट्या भोपळ्यासारखा. दाबला तर स्पंजसारखा लागतो, कापला तर आत हवेचे कप्पे दिसतात. म्हणूनच ती तरंगते. खाली मुळांचा झुपका लोंबतो, काळपट जांभळा, पिसासारखा. दाटीत वाढलेल्या झाडाचा देठ लांब आणि सडपातळ होतो, फुगा तितका दिसत नाही, तेव्हा मुळं बघा.

फूल फिकट जांभळं, सहा पाकळ्यांचं, एका दांड्यावर बरीच फुलं. वरच्या पाकळीवर निळ्या रंगात पिवळा ठिपका, मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा. हा ठिपका दिसला की शंका उरत नाही.

शिंगाड्याच्या देठालाही फुगवटा असतो, तिथेच फसगत होते. पण शिंगाड्याची पानं चौकट आकाराची, कडेला दातेरी, आणि पाण्यावर सपाट पसरलेली. फूल पांढरं. कमळ आणि कुमुदिनी यांची मुळं तळाच्या चिखलात असतात, पानाचा देठ ओढला तर खालून धरून ठेवल्यासारखा ताण लागतो. काठाच्या चिखलात निळ्या फुलांची एक देशी वनस्पतीही उगवते, पण ती मातीत रुजलेली असते आणि तिच्या देठाला फुगा नसतो. जलकुंभी खोल पाण्यात हाताला अलगद येते.

आणि काठावर उभी असते ती गुलाबी भोंग्यासारख्या फुलांची बेशरम. तीही बाहेरूनच आलेली आणि चिवट. तिची फांदी चिखलात खोचली तरी जगते. शेळ्यांना ती विषारी आहे. तिच्यावर वेगळं लिहीन, आज फक्त जलकुंभी.

एवढी वाढते कशी

हे बारमाही झाड आहे. थंडीत मंदावतं, पण मरत नाही. गर्मी सुरू झाली की दुप्पट जोमाने उठतं. वाढ दोन तऱ्हेची.

पहिली, पिल्लं. मुख्य झाडाच्या बुडातून आडवी दोरीसारखी फांदी निघते आणि तिच्या टोकाला नवीन झाड. ते मोठं झालं की त्याला पुन्हा पिल्लं. गरम हवा आणि खतावलेलं पाणी मिळालं तर साधारण दोन आठवड्यांत झाडं दुप्पट होतात. हिशोब करा. आज दहा झाडं आहेत. दर पंधरवड्याला दुप्पट धरलं तर पाच महिन्यांत दहा हजारांच्या वर. अर्धा तलाव भरायला तिला महिने लागले, हे आपण पाहिलं. उरलेला अर्धा भरायला एक पंधरवडा पुरला असता.

दुसरी, बी. फूल दोन दिवसांत कोमेजतं, दांडी वाकून पाण्यात बुडते आणि बोंडातलं बारीक बी तळाला जातं. तिथे ते गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. पाणी उतरून गाळ उघडा पडला, ऊन लागलं, ओल राहिली, की बी उगवतं.

आता समजलं ना, खरं काम आता का सुरू होतंय ते? मे महिना आहे, पाणी उतरलंय, काठाचा गाळ उघडा आहे. परवा मी फेरी मारली तर नाल्याकडच्या चिखलात नखाएवढी हिरवी रोपं दिसली. बसून निरखल्याशिवाय दिसत नाहीत. पहिल्या पावसात पाणी चढेल आणि ती सगळी तरंगायला लागतील.

मासे का मेले

काही जण म्हणाले, कोणीतरी विष टाकलं. मंडळी, विष नव्हतं.

पाण्यातल्या हिरव्या शेवाळाला ऊन लागलं की दिवसा प्राणवायू तयार होतो. वाऱ्याने पाणी हललं की हवेतलाही थोडा मिसळतो. जलकुंभीचा गालिचा या दोन्ही गोष्टी अडवतो. वर तिचीच जुनी पानं कुजून खाली पडतात आणि कुजताना होता तो प्राणवायूही खातात. रात्रभर खर्च चालू आणि जमा काहीच नाही. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वात कमी असतो, आणि आपल्याला फोन पहाटेच आला.

गालिच्याखाली डासही वाढतात. हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांची एक जात तर अशा झाडांच्या मुळांनाच चिकटून वाढते. म्हणजे नुकसान फक्त मासेवाल्यांचं नाही, काठावरच्या गावाचंही आहे. हे गावकऱ्यांना सांगा, मदतीला माणसं मिळतील.

औषध मारावं का

मीटिंगमध्ये हा विषय तापला होता. तरुण मंडळींचं म्हणणं, तणनाशक मारा, दोन दिवसांत काम खलास. त्यांचा राग समजतो, तीन आठवडे पाण्यात उभं राहून पाय सडलेत. तरी माझं मत नाही असंच आहे, आणि कारणं अशी.

तणनाशकाने झाड मरतं, पण जातं कुठे? तिथेच कुजतं. एकदम एवढं कुजलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि उरलेले मासेही जातात. शिंगाड्यालाही धोका. गुरं त्याच तलावावर येतात. गाळातल्या बियांना तर त्याने काहीच होत नाही. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने २०२२ साली बंधन घातलंय, परवानाधारक कीड नियंत्रकांशिवाय कोणी ते वापरायचं नाही. दुकानदार गुपचूप बाटली देतो म्हणून आपण मारायची नाही.

दुसरी सूचना आली, गवत्या मासा सोडा, तो खाईल. गवत्या पाण्यातलं मऊ गवत आवडीने खातो, जलकुंभीला सहसा तोंड लावत नाही. त्यावर भिस्त ठेवू नका.

भुंगेऱ्याची गोष्ट

एक मित्रही आहे. सोंड असलेला छोटा भुंगेरा, जलकुंभीच्याच मूळ देशातला. मोठा भुंगेरा पानं कुरतडतो, अळी देठ पोखरते. झाड कमजोर होतं, फुलं कमी येतात, हळूहळू बुडतं. तो पिकांवर जात नाही, हे तपासूनच १९८०च्या दशकात आपल्या देशात आणला आणि बंगळूरच्या तलावांत सोडला. तिथे काही वर्षांत फरक पडला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९०च्या दशकात जलकुंभीने मासेमारी ठप्प केली होती, तिथेही याच भुंगेऱ्याने मोठा हातभार लावला.

आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरला केंद्र सरकारचं खरपतवार अनुसंधान निदेशालय आहे. तणांवर किडे सोडून नियंत्रण, हा त्यांचा जुना अभ्यास. कटनी जिल्ह्यातल्या एका गावतलावात दुसरंच एक तरंगतं तण माजलं होतं, त्याला वेगळा भुंगेरा लागतो. तो त्यांनी सोडला आणि साधारण दीड वर्षात तलाव मोकळा झाला.

पण लक्षात घ्या, भुंगेऱ्याला वेळ लागतो, कधी तीन-चार वर्षंही. मोठ्या जलाशयासाठी तो उपाय उत्तम. आपल्यासारख्या छोट्या तलावात, जिथे दर आठवड्याला झाडं हाताने वेचता येतात, तिथे हातच लवकर काम करतो. तरीही जबलपूरला पत्र लिहायचं मी ठरवलंय. उत्तर आलं की इथे टाकीन. कोणीही परस्पर कुठून किडे आणून सोडू नयेत.

काढायची पद्धत

तीन आठवड्यांत आपण चुकत चुकत जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. वाऱ्याकडे बघा. वारा गालिचा एका काठाला लोटतो. त्या काठाला उभे राहा, झाडं आपल्याकडे येतील. पहिल्या आठवड्यात आपण उलट बाजूने ओढत बसलो आणि दमलो.

२. आधी सुटी झाडं वेचा, मग गालिचा. गालिचा कुठे पळत नाही. सुटी झाडं रात्रीतून पलीकडे जाऊन नवीन वसाहत करतात.

३. झाड मुळासकट उचला. विळ्याने पानं छाटून काही होत नाही, बुडखा पुन्हा फुटतो. पाण्यात तुकडे करू नका.

४. काढलेली झाडं पाण्यालगत ठेवू नका. पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत चढतं, त्या रेषेच्या वर न्या. मुळं वर, पानं खाली असं उलटं पसरवा, म्हणजे लवकर सुकतात. पहिले दोन ढीग आपण काठावरच ठेवले आणि वाऱ्याने अर्धी झाडं परत पाण्यात. ती मेहनत फुकट गेली.

५. नाल्याच्या तोंडाशी बांबूचा आडवा तराफा आणि त्याला जुनं जाळं बांधा. वरून वाहून येणारी झाडं तिथेच अडतील. पावसाळ्यात हा अडसर रोज रिकामा करावा लागेल, नाहीतर तुटेल.

६. दुसऱ्या तलावावर जाळं टाकून आलात तर ते आपल्या पाण्यात टाकण्याआधी झटका, वाळवा. होडीच्या तळाला, ट्यूबला चिकटलेलं एक पिल्लूही पुरतं.

७. काम सकाळी ऊन वर आल्यावर सुरू करा. पहाटे पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्या वेळी तळाचा गाळ ढवळला तर माशांना त्रास होतो. एकट्याने पाण्यात उतरू नका. झाडांत साप असतात आणि मुळांत पाय अडकतो.

वजनाचाही अंदाज असू द्या. या झाडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दाट गालिचा हेक्टरी दोनशे टनांच्या वर जातो. चार टनांची ट्रॉली धरली तर एका हेक्टरला पन्नास फेऱ्या. म्हणून दोन दिवस काठावर सुकवून, हलकं करून मगच वाहून न्या. डिझेल वाचेल.

सुकलेल्या झाडांचं शेणाबरोबर थर देऊन खत होतं. पण आपल्या नाल्यात शहराचं सांडपाणी येतं, आणि हे झाड पाण्यातले जड धातूही शोषून घेतं. म्हणून ते खत भाजीपाल्याला नको, मेढीच्या झाडांना, शोभेच्या झाडांना चालेल. बोंडं आलेली झाडं खतात टाकू नका, ती वेगळी सुकवून जाळा.

मूळ दुखणं नाल्यात

झाड काढणं म्हणजे ताप उतरवणं. रोग पाण्यात आहे. मैला, साबणाचं पाणी, शेतातलं वाहून आलेलं खत, हे सगळं जलकुंभीला पोषक. स्वच्छ पाण्यात ती खुरटते, घाण पाण्यात माजते. ज्या कोपऱ्यात नाला येतो, तिथेच ती पहिल्यांदा दिसली, हा योगायोग नाही. वरच्या वस्तीचं सांडपाणी वळवण्यासाठी आपला अर्ज गेलेला आहे, पाठपुरावा चालू आहे. आपलं इंदूर स्वच्छतेत नाव कमावलेलं शहर, सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ साली रामसरच्या यादीत गेले. छोट्या तलावांकडेही तेवढंच लक्ष जावं, ही मागणी आपण शांतपणे पण सतत करायची.

शेवटचा मुद्दा, सगळ्यात अवघड

मीटिंगनंतर एक जण बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पट्टा आपला दहा वर्षांचा. त्यातली किती राहिली? पुढे तलाव कोणाला जाईल माहीत नाही. आपण कशाला एवढं मरायचं?"

प्रश्न चुकीचा नाही. मजुरी बुडवून माणसं पाण्यात उतरतात. मी त्याला तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही, आज देतो.

पट्टा दहा वर्षांचा, पण गाळातलं बी वीस वर्षांचं. मागच्या हिवाळ्यात जे बी पडलं, ते माझ्या आळसामुळे पडलं. पुढे तलाव कोणाकडेही जावो, ते बी त्याच्या वाट्याला जाणार. आपल्याआधी ज्यांनी हा तलाव धरला त्यांनी आपल्याला मोकळं पाणी दिलं. आपण पुढच्याला काय देणार? आणि जुलैत आपणच यात रोहू, कटला, मृगळचं बीज सोडणार आहोत. तो पैसा तर आपलाच आहे.

म्हणून ठरलेलं असं. आतापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता फेरी. चार-चार जणांच्या पाळ्या, यादी ग्रुपवर टाकली आहे. पहिले दोन रविवार फक्त काठाचा गाळ बघायचा आणि नखाएवढी रोपं खुरप्याने काढायची. बसून करण्याचं काम आहे, ज्येष्ठ मंडळी आणि वहिनी-ताई आल्या तर उत्तमच, त्यांची नजर बारीक असते. १६ जून ते १५ ऑगस्ट नदी-जलाशयातली मासेमारी बंद असते, तेव्हा ज्यांचे हात मोकळे असतील त्यांनी नाल्याचा अडसर सांभाळायचा. दिवाळीनंतर एकही जांभळं फूल दिसायला नको. दिसलंच तर आधी उपटा, मग मला फोन करा.

ते काका, ज्यांनी "झाड काढा" लिहिलं होतं, ते या तीन आठवड्यांत रोज आले. गुडघे दुखतात म्हणून काठावर बसून झाडं उलटी करत राहिले. मला एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. परवा फक्त चिखलातलं एक बारकं रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "याचा काढ आता फोटो."

काढला आहे. या लेखासोबत तोच टाकतोय. नीट मोठा करून बघा. आपल्याला शोधायचंय ते हे.

रविवारी भेटू.

आपला,
सचिव